तपासणीत आजार सुटला? कोर्टात न जाता कोल्हापुरात दाद कुठं आणि कशी मागायची

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून सीपीआर या सरकारी हॉस्पिटलसमोर हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तरी ती म्हण काय जुनी झालेली नाही. हे लिहितोय ते अशा लोकांसाठी ज्यांच्या घरात असं काहीतरी घडलंय: पैसे भरून हेल्थ चेकअप केलं, सगळं नॉर्मल आलं आणि काही महिन्यांनी कळलं की गाठ तेव्हाच होती. किंवा उलटं, रिपोर्टात भलतंच आलं, घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना, आणि शेवटी निघालं की सँपल दुसऱ्याचं होतं. किंवा पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचं व्यंग सुटलं. किंवा शाळेत आलेल्या आरोग्य पथकानं पोरगं तपासलं, वहीत लिहिलं, पण पुढं पाठवायचं राहून गेलं.

मी लोकांना असले अर्ज लिहून देतो, त्यामुळं कोण कुठं अडकतंय ते दिसतं. बहुतेक जण मागणी बरोबर करतात पण चुकीच्या दारात. मेडिकल कौन्सिलकडं नुकसानभरपाई मागतात, लोकशाही दिनात, म्हणजे सरकारी कामाच्या तक्रारी ऐकायच्या दिवशी, खाजगी डॉक्टरचं रजिस्ट्रेशन रद्द करा म्हणतात, आणि लॅबच्या रिसेप्शनवर बसलेल्या पोरीकडं न्याय मागतात, जिच्या हातात बिल काढण्यापलीकडं काही नसतं. मग सगळीकडनं हात हलवत परत येतात आणि म्हणतात सगळे मिळालेले आहेत. असतील पण मिळालेले, मी नाही म्हणत नाही. तरी आधी आपण कुठल्या दारात काय मिळतं ते बघूया.

सगळ्यात आधी पेशंट

तक्रार आठ दिवसांनी केली तरी चालते, उपचार नाही. संशय आला की दुसरीकडं तपासणी परत करून घ्या आणि उपचार सुरू करा. गरोदरपणातलं प्रकरण असेल तर आणखी घाई, कारण २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही ठरावीक बायकांसाठी गर्भपाताची मुदत २४ आठवडे आहे, आणि त्यापुढं बाळात मोठं व्यंग असेल तरच मेडिकल बोर्डाच्या मंजुरीनं होतं. तिथं भांडणात गेलेला एक आठवडा परत मिळत नाही.

कागद, कागद आणि कागद

हे लांबलचक लिहितोय कारण निम्मी प्रकरणं इथंच मरतात.

पहिलं म्हणजे रेकॉर्ड मागून घ्या, आणि भांडायच्या आधी मागून घ्या. भांडण झाल्यावर तीच फाइल "रेकॉर्ड रूममध्ये सापडत नाही" होते. डॉक्टरांसाठीचे २००२ चे जे आचारसंहितेचे नियम आहेत त्यात स्पष्ट आहे की पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं, आणि भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं सांभाळायचं. तोंडी मागू नका. दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर तारीख, सही, शिक्का घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

काय मागायचं? नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. मॅमोग्राफी, सीटी, एमआरआय असेल तर मूळ इमेजेसची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागा, फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो कुणीच वाचून देत नाही. गाठीचा तुकडा तपासला असेल तर स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, असेल तर स्लाइड. लॅब ते द्यायला का-कू करते, पण दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायचंय म्हटल्यावर सहसा देतात, रजिस्टरात सही करून घ्यायची. सोनोग्राफीचं रेकॉर्ड गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळं दोन वर्षं ठेवावंच लागतं, त्यामुळं ते "नाही" म्हणू शकत नाहीत. पण दोन वर्षं झाली की म्हणू शकतात, तेव्हा लवकर मागा.

दुसरं म्हणजे रिपोर्ट वाचायला शिका. निदान डॉक्टर बघतील, तुम्ही कडेकडेनं छापलेलं बघा. मागे एक रिपोर्ट आला होता, रक्त घेतल्याची वेळ सकाळी ११.४० आणि रिपोर्ट तयार झाल्याची वेळ ११.१०. म्हणजे रक्त घ्यायच्या अर्धा तास आधीच रिपोर्ट तयार! घरातल्या तिघांनी तो कागद वाचला होता, सगळ्यांची नजर त्या ठळक आकड्यांवर, वेळ कुणीच बघितली नव्हती. त्या एका ओळीवर लॅबनं बिल परत दिलं आणि लेखी दिलं की लेबलची अदलाबदल झाली. तर नाव, वय, स्त्री की पुरुष, सँपल नंबर, वेळ, कुठल्या सेंटरवर घेतलं आणि कुठं तपासलं, हे सगळं जुळतंय का बघा.

सही कुणाची आहे तेही बघा. १२ डिसेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की लॅबच्या रिपोर्टवर सही करायची ती पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरनंच. नुसत्या टेक्निशियनची सही असेल, किंवा सहीच्या जागी स्कॅन केलेला शिक्का आणि डॉक्टर महिन्यातनं एकदा येऊन जाणारे, तर ती स्वतंत्र तक्रार होते आणि ती सिद्ध करायला फार सोपी असते.

शिबिरातली तपासणी असेल तर कागद आणखी नाजूक. आपल्याकडं तालमी, तरुण मंडळं, पतसंस्था, नेत्यांचे वाढदिवस, सगळीकडं मोफत आरोग्य शिबिर. हातात मिळतं ते एक कार्ड, त्यावर बॉलपेननं नाव, वय खोडून परत लिहिलेलं, आणि खाली "एनएडी" एवढंच, म्हणजे काही विशेष आढळलं नाही. कुणी तपासलं? माहिती नाही. असं कार्ड असेल तर शिबिराचा बोर्ड, पत्रक, व्हॉट्सअॅपवर फिरलेला मेसेज, फोटो, जे सापडेल ते गोळा करा, कारण "आम्ही फक्त मंडप दिला" असं मंडळ म्हणणार आणि "आमचा डॉक्टर वैयक्तिकरीत्या आला होता" असं हॉस्पिटल म्हणणार. पत्रकावर हॉस्पिटलचं नाव छापलं असेल तर त्यांना ते झटकता येत नाही.

तिसरं, एका पानावर तारीखवार लिहून काढा. कुठल्या तारखेला काय त्रास, कुठं गेला, कोण काय म्हणालं, काय कागद मिळाला. विशेषणं नकोत. "निर्दयी डॉक्टरनं" वगैरे लिहिलं की वाचणारा साहेब पुढचं वाचत नाही, हे मी बघितलंय.

चूक झाली का तपासणीच तेवढी?

इथं जरा कडू बोलतो. स्क्रीनिंग म्हणजे चाळणी. चाळणीतनं काही ना काही सुटतंच, चांगल्या मशीनवर आणि चांगल्या डॉक्टरच्या हातात पण सुटतं. मॅमोग्राफीत काही कॅन्सर दिसत नाहीत, विशेषतः स्तन आतनं दाट असतील तर. गरोदरपणातली डबल मार्कर ही रक्ताची टेस्ट बाळात जन्मजात दोष असायची फक्त शक्यता सांगते, खात्री नाही. सरकारी आरोग्य मंदिरात, म्हणजे गावातल्या आरोग्य केंद्रात, गर्भाशयमुखाची जी व्हीआयए तपासणी करतात, व्हिनेगरसारखं द्रावण लावून डोळ्यानं बघायची, तिला पण मर्यादा आहे. त्यामुळं "आधी नॉर्मल म्हणाले आणि नंतर निघालं" एवढ्यावर कुठंच काही सिद्ध होत नाही. प्रश्न असा असतो: त्या दिवशी, त्या फिल्मवर, साध्या हुशारीच्या डॉक्टरला ते दिसायला पाहिजे होतं का?

हे कळायला एकच उपाय. जुनी फिल्म किंवा स्लाइड तिसऱ्याच डॉक्टरला दाखवायची आणि नंतर काय निघालं ते सांगायचं नाही. सांगितलं की माणसाला दिसायलाच लागतं, उत्तर आधीच माहिती असल्यावर कोडं कुणालाही सुटतं. शक्यतो सांगली, पुणे, बेळगाव, बाहेरच्या गावचा बघा, कारण आपल्या शहरात सगळे एकमेकांना ओळखतात, एकाच असोसिएशनचे मेंबर, लेखी द्यायला कोण तयार होत नाही. त्याच्याकडनं तुमच्याच नावानं रीतसर रिपोर्ट करून घ्या, फी भरून, म्हणजे तो "मत" न राहता रिपोर्ट होतो.

आणि कधी कधी वाचण्यात चूक नसतेच, चूक पुढं कळवण्यात असते. रिपोर्टात "पुढील तपासणी करावी" असं लिहिलंय पण तो रिपोर्ट पेशंटला दिलाच नाही, किंवा फोन लागला नाही म्हणून सोडून दिलं. सरकारी स्क्रीनिंगमध्ये हे फार होतं: आशाताईंनी ३० वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म भरला, संशयित म्हणून नाव गेलं, आणि पुढं तालुक्याला कुणी बोलावलंच नाही. अशी प्रकरणं सिद्ध करायला सोपी असतात, कारण त्यात डॉक्टरी ज्ञान लागत नाही, तारखा लागतात.

तुम्हाला नक्की काय पाहिजे?

कागदावर लिहा. खुलासा पाहिजे का, रिपोर्ट दुरुस्त करून पाहिजे का, खर्च परत पाहिजे, मोठी भरपाई पाहिजे, डॉक्टरवर कारवाई पाहिजे, का पुढच्या माणसाला असं होऊ नये म्हणून पद्धत बदलायला पाहिजे. एकापेक्षा जास्त असलं तरी क्रम लावा, घरात बसून, सगळ्यांनी मिळून, नाहीतर मीटिंगमध्ये बायको खुलासा मागते, दीर पैसे मागतो आणि मेहुणा डॉक्टरला आत टाकायचं म्हणतो.

आयर्लंडमध्ये २०१८ ला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या सरकारी स्क्रीनिंगचा मोठा गोंधळ बाहेर आला. कॅन्सर झालेल्या बायकांच्या जुन्या स्लाइड परत तपासल्या तेव्हा आधीचा रिपोर्ट वेगळा यायला पाहिजे होता असं दिसलं, आणि त्या २२१ जणींपैकी बहुतेकींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. डॉ. गॅब्रिएल स्कॅली यांनी चौकशी केली, २०१९ ला कायदा करून कोर्टाऐवजी वेगळं ट्रिब्युनल काढलं. पण तिथल्या बायकांचा सगळ्यात मोठा राग चुकीपेक्षा लपवण्यावर होता. आपल्याकडं असं ट्रिब्युनल नाही, राग मात्र तसाच असतो. म्हणून "मला लेखी खुलासा पाहिजे" ही मागणी छोटी समजू नका.

पहिलं दार: तेच हॉस्पिटल, तीच लॅब

इथनंच सुरू करा. खालचा नमुना घ्या आणि आपल्या तारखा घाला.

*प्रति, वैद्यकीय अधीक्षक / लॅब प्रमुख.*
*विषय: दि. ___ च्या तपासणी रिपोर्टबाबत लेखी खुलासा मिळणेबाबत.*
*महोदय, मी दि. ___ रोजी आपल्याकडे ___ ही तपासणी केली, बिल क्र. ___. रिपोर्टमध्ये ___ असे नमूद होते. दि. ___ रोजी दुसऱ्या ठिकाणी ___ असे निदान झाले. मूळ इमेज / स्लाइड आपल्याकडील दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा तपासून त्याचा लेखी निष्कर्ष द्यावा. रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक द्यावा. चूक आढळल्यास सुधारित रिपोर्ट द्यावा व पुढे काय केले ते कळवावे. याबाबत १५ दिवसांत भेटीची वेळ द्यावी. सोबत कागदपत्रांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.*

बस्स, एवढंच. धमकी नको, "अन्यथा कायदेशीर कारवाई" पण पहिल्या पत्रात नको. पैशाचा आकडा तर अजिबात नको.

मीटिंगला दोघं जावा, एक बोलणारा, एक लिहिणारा. डॉक्टर तोंडानं "चूक झाली" म्हणायला बिचकतात त्याचं एक कारण असं की बऱ्याच जणांचा इंडेम्निटी विमा, म्हणजे भरपाई द्यावी लागली तर ती भरणारा विमा, असतो आणि विमा कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही अशी अट त्यात असते. हे माहिती असलं की चिडचिड कमी होते. त्यांना "तुम्ही चुकलात का" विचारण्यापेक्षा "आता ही फिल्म बघून तुम्ही काय रिपोर्ट दिला असता" विचारा, उत्तर मिळतं.

पैसे परत देतो म्हणाले तर घ्या, पण कशावर सही करताय ते वाचा. "फुल अँड फायनल, यापुढे कोणतीही तक्रार नाही" असं लिहिलेला कागद दोन-तीन हजाराच्या चेकबरोबर पुढं सरकवतात. फक्त तपासणीची फी परत घेत असाल तर "तपासणी शुल्काचा परतावा मिळाला, इतर हक्क राखून" एवढं लिहा. नसतील मानत तर चेक नका घेऊ.

आणि पोरं घेऊन जाऊन काचा फोडायचा विचार मनात पण आणू नका. महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टर-हॉस्पिटलवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा आहे, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई तुमच्याकडनं. म्हणजे न्याय मागायला गेलेला माणूस आरोपी होऊन येतो. फेसबुकवर डॉक्टरचा फोटो टाकून शिव्या घालणं पण तसलंच, त्यांच्या हातात अब्रुनुकसानीचं आयतं कोलीत.

सरकारी असेल तर

आधी बघा कुणाच्या अखत्यारीत येतं. सीपीआर हे मेडिकल कॉलेजला जोडलेलं, त्यामुळं तिथला अर्ज अधिष्ठात्यांच्या नावानं. सावित्रीबाई फुले, पंचगंगा असले दवाखाने महापालिकेचे, तिथं महापालिकेचा आरोग्य विभाग. गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय असेल, म्हणजे गडहिंग्लज वगैरे, तर जिल्हा शल्यचिकित्सक. शाळेतल्या पथकाची तक्रार नेमकी कुणाकडं असा घोळ झाला तर शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी दोघांनाही प्रत द्या.

आवक-जावकच्या खिडकीवर "ठेवून जावा, साहेबांना देतो" म्हणतात. ठेवून जायचं नाही. आवक नंबर पडलेला शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय हलायचं नाही, जेवणाची सुट्टी झाली तरी. तो नंबर नसेल तर तुमचा अर्ज त्या ऑफिसात आलेलाच नाही असं धरून चाला.

उत्तर नाही आलं तर तीन गोष्टी एकदम करता येतात. एक, आपले सरकार पोर्टलवर तक्रार. दोन, माहिती अधिकार: १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, ३० दिवसांत उत्तर. त्यात "माझ्यावर अन्याय का झाला" असले प्रश्न विचारू नका, "माझ्या दि. ___ च्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची टिपणीसह प्रत", "त्या दिवशीच्या संशयित रुग्णांच्या रजिस्टरमधील माझ्या नोंदीची प्रत" असं मागा. तीन, लोकशाही दिन, जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. पण त्याच दिवशी उठून गेलात तर उपयोग नाही, अर्ज १५ दिवस आधी ठरावीक नमुन्यात द्यावा लागतो, आणि आधी खालच्या पायरीवर, तालुक्याला, मागितलेलं असावं लागतं. तालुक्याचा लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी. चंदगड-शाहूवाडीकडच्या लोकांनी हे आधी विचारून मगच एसटीत बसावं, सगळा दिवस जातो.

इथं मिळतं काय? खुलासा, चौकशी, पुढचे उपचार मार्गी लागणं. पैसे सहसा नाही. सरकारी माणसाच्या निष्काळजीपणानं गंभीर नुकसान झालं असेल तर मुंबईच्या राज्य मानवी हक्क आयोगाकडं एक वर्षाच्या आत तक्रार करता येते, वकील लागत नाही, आणि आयोग भरपाईची शिफारस करू शकतो. सरकारच्या मोफत उपचाराच्या जन आरोग्य योजनेतनं उपचार चालू असतील आणि तिथं अडवणूक होत असेल तर आधी हॉस्पिटलमधले आरोग्यमित्र, नाहीतर १५५३८८.

डॉक्टरवर कारवाई पाहिजे असेल तर

अॅलोपॅथी डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, मुंबई. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या कौन्सिल वेगळ्या. नोंदणी क्रमांक रिपोर्टवर किंवा प्रिस्क्रिप्शनवर असतो, नसेल तर तीच एक तक्रार. कौन्सिल ताकीद देऊ शकते, काही काळासाठी किंवा कायमचं नाव काढू शकते. एक रुपया देववू शकत नाही. नियमात सहा महिन्यांत निकाल लिहिलाय, प्रत्यक्षात जास्त धरून चाला, आणि जो तिसऱ्या डॉक्टरचा रिपोर्ट मी वर सांगितला तो इथं सोन्यासारखा उपयोगी पडतो.

हॉस्पिटलची व्यवस्था खराब असेल, म्हणजे रेकॉर्ड देत नाहीत, रुग्ण हक्कांची सनद लावलेली नाही, दरपत्रक नाही, तर नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली तक्रार. २०२१ ला त्याचे नियम सुधारलेत आणि तक्रार निवारणाची सोय त्यात घातलीय. शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग बघतो. सुट्या लॅबवर मात्र कुणाचा धड वचक नाही, आपल्या राज्याची ही जुनी रड आहे. रिपोर्टवर एनएबीएलचं, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचं, चिन्ह असेल तर तिकडं लिहा, मान्यता जायची भीती लॅबला पोलिसापेक्षा जास्त असते.

पोलिसांत गुन्हा? सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवायच्या आधी तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतं, आणि चूक ढोबळ, म्हणजे उघड आणि मोठी, असावी लागते. सुटलेल्या रिपोर्टमध्ये ते क्वचित बसतं. त्यात वर्षं घालवू नका.

पैसे पाहिजेत, पण कोर्ट नको

पैसे भरून तपासणी केली असेल तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. फोनवर मराठीत बोलता येतं. ते कंपनीला कळवतात, आणि मोठ्या साखळीच्या लॅब तिथं पटकन हलतात, चुकलेला रिपोर्ट, फुकट गेलेलं पॅकेज असल्या प्रकरणात. छोट्या दवाखान्यांवर तेवढा परिणाम होत नाही.

मोठी रक्कम असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात. कोर्टाच्या आवारात आहे म्हणून घाबरू नका, केस दाखल करायच्या आधीच "दाखलपूर्व" म्हणून अर्ज देता येतो, फी नाही, समोरच्याला नोटीस जाते, दोघांना बसवून बोलणं होतं आणि जमलं तर लोक अदालतीत तडजोड नोंदवतात. तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचीच किंमत आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करायच्या आधी वाचून घ्या, पुढचा उपचाराचा खर्च धरलाय का बघा, हप्ते असतील तर तारखा लिहून घ्या. वकील पाहिजे असेल तर बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता फुकट मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची अट. माहितीसाठी १५१००. समोरचा आलाच नाही तर मात्र हे प्राधिकरण त्याला ओढून आणू शकत नाही, तेवढी मर्यादा आहे.

आता एक बारीक गोष्ट, बऱ्याच वकिलांनाही पटकन आठवत नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात मध्यस्थीची सोय आहे, पण २०२० च्या मध्यस्थी नियमांत लिहिलंय की वैद्यकीय निष्काळजीपणामुळं गंभीर इजा किंवा मृत्यू झाला असेल तर ते प्रकरण मध्यस्थीकडं पाठवायचं नाही. म्हणजे उशिरा कळलेला कॅन्सर, गेलेला माणूस, असल्या प्रकरणात ग्राहक आयोगात गेल्यावर तो रस्ता बंद. समझोता करायचा असेल तर आयोगात जायच्या आधी करा.

चुकीच्या रिपोर्टमुळं विमा कंपनीनं "आजार आधीपासून होता" म्हणून क्लेम नाकारला असेल तर ते प्रकरण वेगळं. आधी कंपनीकडं लेखी तक्रार, महिनाभरात समाधान नाही झालं तर पुण्याचा विमा लोकपाल, फी नाही, वकील नाही.

घड्याळ चालूच असतं

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं. हॉस्पिटलशी पत्रव्यवहार चालू होता, साहेब बघतो म्हणाले होते, लोकशाही दिनाची तारीख मिळत नव्हती, असल्या कारणांनी ती थांबत नाही. गोड बोलून दोन वर्षं काढणारे महाभाग असतात. म्हणून चूक कळली त्या तारखेपासून दीड वर्षाची तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा, आणि तोपर्यंत काही लेखी हातात पडलं नाही तर वकिलाला किंवा विधी सेवा प्राधिकरणाला भेटा. तक्रार स्वतः दाखल करता येते, आणि तपासणीला भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर आयोगात फी पडत नाही, भरपाई कितीही मागितली तरी.

मोफत तपासणी होती म्हणून ग्राहक नाही, असं कुणी सांगितलं तर तेही अर्धवट खरं. सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या शांता निकालानुसार सगळ्यांनाच फुकट सेवा देणारं हॉस्पिटल असेल तर ग्राहक कायदा लागत नाही, पण काहींकडनं पैसे घेतात आणि काहींना फुकट, अशा हॉस्पिटलचा फुकटचा पेशंटही ग्राहक असतो. म्हणून शिबिराचं ते बॉलपेनचं कार्ड फाडून टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या कागदांच्या फाइलीत ठेवा आणि त्याचा एक फोटो मोबाइलमध्ये पण काढून ठेवा, शाई उडते.